लाल सोनं

सोन्याचा रंग कोणता, असं कुणी विचारलं तर आपण त्याच्याकडे जरा काळजीनंच बघू. पिवळा! त्यात विचारायचं काय? आमची आजी तर सोनाराच्या दुकानात बांगडी हातात घेऊन नुसत्या रंगावरून "तांबं जास्त पडलंय हो यात" असं सांगायची, आणि सोनार कसनुसं हसायचा. सोन्याचा कस आणि सोन्याचा रंग या दोन गोष्टी आपल्या डोक्यात इतक्या चिकटलेल्या आहेत की एकीवाचून दुसरीचा विचारच होत नाही.

पण समजा, तोळाभर सोन्याचे तुकडे करत गेलो. तोळ्याच्या गुंजा, गुंजेचे कण, कणाचे कण... शाळेत शिकवतात की पदार्थ कितीही बारीक केला तरी त्याचे गुण तेच राहतात. हे खरं आहे, पण एका मर्यादेपर्यंतच. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. सोन्याचे पंधरा-वीस नॅनोमीटर व्यासाचे गोळे पाण्यात तरंगत ठेवले तर ते पाणी पिवळं दिसत नाही. लाल दिसतं. चांगलं डाळिंबाच्या रसासारखं लाल! त्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं की ते बघता बघता निळं होतं. सोनं तेच आणि तेवढंच, एक कणही कमी-जास्त झालेला नाही.

हे आज प्रयोगशाळेत कुठलाही एम.एस्सी.चा विद्यार्थी अर्ध्या तासात करून दाखवतो. मला जास्त गंमत वाटते ती याच्या इतिहासाची. कारण माणसानं हे लाल सोनं दीड हजार वर्षं *केलं*, आणि ते का लाल आहे हे मात्र त्याला १९०८ साली नीट कळलं. मधल्या काळात काय काय झालं त्याची ही गोष्ट. थोडी लांबली आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात रोमन साम्राज्यातल्या एका पेल्यापासून करू. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये 'लायकर्गसचा पेला' म्हणून एक काचेचा पेला आहे, चौथ्या शतकातला. म्युझियमनं तो १९५८ साली विकत घेतला. उंची जेमतेम सोळा सेंटीमीटर. थ्रेसचा राजा लायकर्गस मद्याचा देव डायोनायससच्या वाट्याला गेला आणि द्राक्षाच्या वेलींनी त्याला करकचून आवळलं, अशी ती पुराणकथा आहे. ती सगळी चित्रं काच कोरून कोरून पेल्याच्या बाहेर जाळीसारखी उभी केलेली आहेत. ही कारागिरीच थक्क करणारी आहे. पण खरी मजा पुढेच. समोरून उजेड पडला की हा पेला हिरवट दिसतो, साधारण शेवाळी. आत दिवा ठेवला की तोच पेला लालभडक होतो आणि राजाच्या भोवतालच्या वेली पेटल्यासारख्या दिसतात. कंपनीच्या कामासाठी काही महिने लंडनला होते तेव्हा मी तो पाहिला. फोटोत कितीही पाहिलेला असला तरी प्रत्यक्षात माणूस त्याच्यासमोरून हलत नाही. माझ्या शेजारी एक आजोबा नातवाला उचलून घेऊन उभे होते आणि नातवाऐवजी स्वतःच "ओह!" "ओह!" करत होते.

काचेचं पृथक्करण झालं तेव्हा कळलं की तिच्यात दहा लाख भागांत साधारण तीनशे भाग चांदी आणि चाळीस भाग सोनं आहे. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. १९९० साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते कण दिसले. सोन्या-चांदीच्या मिश्रणाचे, पन्नास ते शंभर नॅनोमीटरचे. हे कण अंगावर पडलेल्या उजेडातला हिरवट भाग इकडेतिकडे उधळतात आणि आरपार जाणाऱ्या उजेडात लाल तेवढा शिल्लक ठेवतात.

आता यावर लगेच "रोमन लोकांना नॅनोटेक्नॉलॉजी येत होती" असे मथळे येतात. माझ्या मते हे म्हणणं बरोबर नाही. अशा दुरंगी रोमन काचा फारच मोजक्या सापडल्या आहेत. रोज जमणारी गोष्ट असती तर ढीगभर सापडल्या असत्या. मुशीत सोनं-चांदी इतकी थोडी आहे की ती मुद्दाम घातली की चुकून पडली, यावरही जाणकारांत दुमत आहे. आणि हो, या विषयावर कुठेही वाचायला गेलात की आणखी एक वाक्य हमखास भेटेल : युरोपातल्या जुन्या चर्चच्या खिडक्यांमधला लाल रंग सोन्याचा असतो. नसतो. मध्ययुगातल्या खिडक्यांमधला लाल हा बहुतेक सगळा तांब्याचा आहे. पिवळा मात्र बऱ्याचदा चांदीचा असतो. चौदाव्या शतकापासून काचेवर चांदीचा क्षार लावून ती भाजायची पद्धत होती. चांदीच्या सूक्ष्म कणांनी पिवळा रंग येतो आणि सोन्याच्या कणांनी लाल, हे ऐकायलाच किती उलटं वाटतं!

सोन्यानं काच लाल होते हे पहिल्यांदा छापलं ते फ्लॉरेन्सच्या आंतोनियो नेरीनं, १६१२ साली. नेरी हा पाद्री, आणि काचकामावरचं त्याचं पुस्तक पुढे अनेक भाषांत गेलं. सोनं अम्लराजात विरघळवायचं आणि मग ते काचेत घालायचं, इतपत तो सांगतो. पण तेवढ्यानं लाल काच दर वेळी होतेच असं नाही. सोनं गोळा होऊन मुशीच्या तळाशी बसतं आणि काच तपकिरी, नाहीतर पांढरीच राहते. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं की सोन्याच्या द्रावणात कथलाचं द्रावण घातलं तर जांभळा साका खाली बसतो, आणि तो साका काचेत मिसळला की रंग पुष्कळ खात्रीनं येतो. ग्लाउबरनं हे १६५० च्या दशकात लिहिलं होतं, पण नाव पडलं कॅशियसचं. हॅम्बर्गच्या कॅशियस नावाच्या वैद्यांचं. अँड्रियास कॅशियस (धाकटा) यानं १६८५ साली सोन्यावर पुस्तक लिहिलं आणि तेव्हापासून त्या साक्याला 'कॅशियसचा जांभळा' म्हणतात. शोध एकाचा, नाव दुसऱ्याचं. हे आपल्याला नवीन नाही.

या सगळ्यात मला सगळ्यात जवळचा वाटतो तो योहान कुंकेल. बाप काचवाला आणि स्वतः किमयागार. राजेरजवाड्यांच्या पदरी राहून सोनं करून दाखवण्याची आशा लावायची आणि पोट भरायचं, अशा काळातला हा माणूस. पण डोकं शुद्ध प्रयोग करणाऱ्याचं. ब्रांडेनबुर्गचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म यानं त्याला पदरी ठेवलं. १६७९ साली कुंकेलनं नेरीचं पुस्तक स्वतःच्या टिपांसह जर्मनमध्ये काढलं. नेरी कुठे बरोबर आहे आणि कुठे त्यानं ऐकीव गोष्टी लिहिल्यात, हे प्रत्येक कृती करून पाहून त्यानं सांगितलं. आणि मग राजानं त्याला १६८५ साली एक अख्खं बेटच देऊन टाकलं! पॉट्सडॅमजवळ हाफेल नदीतलं. आज त्याला 'मोरांचं बेट' म्हणतात, पण मोर तिथे शंभर वर्षांनी आले. कुंकेलच्या वेळी तिथे ससे होते, भट्टी होती आणि भट्टीत काय चाललंय ते कुणाला कळू नये म्हणून चारी बाजूंनी पाणी होतं.

कुंकेलची खरी कामगिरी म्हणजे लाल काच दर वेळी, हवी तेव्हा आणि मोठ्या भांड्यांसाठी करता येणं. यात एक विलक्षण पायरी आहे. सोनं घातलेली काच वितळवून ओतली आणि पटकन थंड झाली तर ती बिनरंगी दिसते. चक्क पांढरी, पाण्यासारखी. बघणाऱ्याला वाटावं, सोनं वाया गेलं. मग ती हळूहळू पुन्हा तापवायची. आणि मग बिनरंगी काचेत कुठून तरी लाली चढायला लागते. आज आपण सांगू शकतो की काचेत सुटे विखुरलेले सोन्याचे अणू उष्णतेनं एकमेकांकडे सरकतात, त्यांचे गोळे बनतात, आणि ते ठरावीक आकाराला पोचले की लाल दिसतात. जरा जास्त तापवलं की गोळे फार मोठे होऊन काच गढूळ तपकिरी होते. कुंकेलला यातलं काहीही माहीत नव्हतं. अणू माहीत नव्हते, गोळे माहीत नव्हते. त्याला भट्टीच्या तोंडाशी उभं राहून डोळ्यानं "आता बास" हे कळत होतं. आपल्याकडे पाकाची तार जिला बरोबर कळते तिला विचारा, ती काय सांगणार? "बघितलं की कळतं."

आणि हे जे डोळ्याला कळलेलं होतं ते त्यानं लिहिलं नाही. बाकी सगळं लिहिलं, लाल काचेची कृती तेवढी राखून ठेवली. त्याचा पोटापाण्याचा धंदा होता तो, त्याला दोष कसा द्यायचा? त्याच भट्टीत काचेचे मणीही होत, आणि ते ब्रांडेनबुर्गच्या कंपनीची जहाजं पश्चिम आफ्रिकेत घेऊन जात. तिथल्या व्यापारात माणसंही विकत घेतली जात होती. काचेचा इतिहास वाचताना असं काहीतरी मधेच येतं आणि पुढची ओळ वाचायला थोडा वेळ लागतो.

१६८८ साली राजा गेला. नव्या राजाला काचेत रस नव्हता, त्याला पैशांचा हिशेब हवा होता. १६८९ साली बेटावरची भट्टी जळून गेली. कुंकेल स्वीडनच्या राजाकडे गेला, तिथे त्याला सरदारकी मिळाली, आणि १७०३ साली तो वारला. याच कुंकेलचं नाव फॉस्फरसच्या इतिहासातही येतं. हॅम्बर्गच्या ब्रांटनं १६६९ साली मूत्रापासून फॉस्फरस काढला होता. त्याची कृती काढून घ्यायला हा गेला, ती मिळाली नाही, मग स्वतःच खटपट करून त्यानं तो बनवला. म्हणजे सोनं आणि फॉस्फरस, दोन्ही याच्या हाताखालून गेले होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मधे शंभर वर्षं सोडून देते. या काळात लाल काच झाली, चिनी मातीच्या भांड्यांवर सोन्यापासून केलेला सुरेख गुलाबी रंग आला, आणि का हे विचारणारे फार थोडे होते. त्यातली एक होती एलिझाबेथ फुलहेम. एका डॉक्टरची बायको. हिच्या डोक्यात १७८० साली एक खूळ शिरलं : कापड सोन्यानं *रंगवता* येईल का? जर शिवायची नाही, वर्ख चिकटवायचा नाही, द्रावणात कापड बुडवून त्याच्यावरच सोनं उतरवायचं. नवऱ्याला आणि मित्रांना हे अशक्य वाटलं. (वाटणारच.) तिनं चौदा वर्षं रेशमाचे तुकडे सोन्याच्या क्षारात बुडवून त्यांच्यावर हायड्रोजन, फॉस्फरस, काय काय सोडून पाहिलं आणि १७९४ साली लंडनमध्ये पुस्तक छापलं. तिच्या रेशमावर कधी सोनेरी चकाकी आली, कधी जांभळा रंग आला. पाण्याचा अंश नसेल तर काहीच होत नाही आणि शेवटी पाणी जसंच्या तसं परत मिळतं, हे तिनं त्यातून ओळखलं. पुढे ज्याला उत्प्रेरण म्हणू लागले त्याची ही अगदी सुरुवातीची नोंद आहे. बाईनं लिहिलं म्हणून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडणार, हे तिला पक्कं माहीत होतं आणि तसं तिनं प्रस्तावनेत सांगूनही टाकलं. १८१० मध्ये पुस्तक फिलाडेल्फियातही निघालं. बाईचा मात्र जन्म कधीचा आणि शेवट कुठे झाला, याचा पत्ता नाही.

आता फॅरडे. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीवाल्याकडे उमेदवारी केलेला. पुस्तकाच्या पाठीवर सोनेरी अक्षरं उठवायला वर्खच लागतो, तेव्हा सोन्याचा वर्ख त्याच्या हाताला अगदीच नवा नसणार. विजेची मोटर, जनित्र, चुंबकत्व आणि प्रकाशाचं नातं, हे सगळं मागे टाकून १८५६ च्या फेब्रुवारीत, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, तो सोन्याकडे वळला. प्रश्न त्याच्या पद्धतीचाच, साधा पण खोल. प्रकाश ही लहर आहे आणि त्या लहरीची लांबी आता माहीत झाली आहे. मग त्या लांबीपेक्षा पातळ, त्याहून लहान अशी वस्तू त्या लहरीच्या वाटेत ठेवली तर काय होईल? इतकं पातळ काय मिळतं? सोनं. कारण सोनार ते ठोकून ठोकून इंचाच्या पावणेतीन लाखाव्या भागाइतकं पातळ करू शकतात.

असा वर्ख काचेवर ठेवून उजेडापुढे धरला की आरपार हिरवा दिसतो. फॅरडेनं तो तापवला, तर हिरवा गेला. गुळगुळीत दगडानं दाबला, तर हिरवा परत आला! मग वर्खाहून पातळ थर हवे म्हणून त्यानं सोन्याच्या क्षाराच्या द्रावणावर फॉस्फरसचा प्रयोग सुरू केला. (आला की नाही फॉस्फरस?) द्रावणाच्या पृष्ठभागावर सोन्याची नाजूक साय धरायची. आणि ती साय धुताना, भांडी विसळताना, पाणी लालसर होतंय हे त्यानं पाहिलं. दुसऱ्या कुणी ते मोरीत ओतलं असतं. फॅरडेनं ते बाटलीत भरलं.

त्या लाल पाण्यात सोनं विरघळलेलं नाही, कणांच्या रूपात तरंगतंय, असं त्याचं म्हणणं. पण दाखवायचं कसं? कण त्या वेळच्या कुठल्याही सूक्ष्मदर्शकाला दिसणारे नव्हते. मग त्यानं भिंगातून उन्हाचा झोत त्या पाण्यात सोडला. आपली कौलारू घरं आठवा. दुपारी कौलाच्या फटीतून कवडसा येतो आणि एरवी न दिसणारी धूळ त्यात नाचताना दिसते. धुळीचा एकेक कण दिसला नाही तरी कवडशाची तिरीप दिसते ती धुळीमुळेच. फॅरडेच्या लाल पाण्यात तशीच तिरीप उमटली. मीठ घातल्यावर लाल पाणी निळं होतं हेही त्यानंच पाहिलं, आणि थोडं जिलेटिन घातलं तर मग मिठाचं काही चालत नाही हेही. ५ फेब्रुवारी १८५७ रोजी त्यानं हे सगळं रॉयल सोसायटीपुढे मांडलं. निष्कर्ष मांडताना तो फारसा खूश नाही. एवढे प्रयोग केले, पण प्रकाशाबद्दल जे कळेल अशी आशा होती ते कळलं नाही, असा एकूण सूर.

या काळात फॅरडेची स्मरणशक्ती पार ढासळली होती. आदल्या आठवड्यात केलेला प्रयोग आठवायचा नाही. त्याची रोजनिशी मात्र परिच्छेदागणिक आकडे घालून चाललेली. माझ्या बाबांची शेवटची चार-पाच वर्षं अशीच गेली. शर्टाच्या खिशात चिठ्ठ्या असायच्या, "दुधाचे पैसे दिले", "गुरुवारी बँक". बाबांना त्या चिठ्ठ्यांची लाज वाटायची, म्हणून आम्ही त्या बघितल्या नाहीत असं दाखवायचो. फॅरडेची रोजनिशी वाचली तेव्हा मला त्या खिशाची आठवण झाली. उद्या आपल्याला हे आठवणार नाही, हे माहीत असलेल्या माणसानं लाल पाण्याची एकेक बाटली क्रमवार नोंदवून ठेवलेली आहे. कुंकेल धडधाकट होता आणि त्यानं लिहिलं नाही. फॅरडेच्या हातून सगळं निसटत होतं आणि त्यानं सगळं लिहिलं. त्याच्या बाटल्यांपैकी काही लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही आहेत, आणि त्यांचा रंग अजून आहे.

पण लिहिलेलं वाचलं जातंच असं नाही. चाळीस वर्षांनी व्हिएन्नाचा रिखार्ड झिगमोंडी कॅशियसच्या जांभळ्यामागे लागला तेव्हा फॅरडेचं काम त्याला माहीतच नव्हतं! त्यानं सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं, आणि १८९८ मध्ये दाखवून दिलं की तो जांभळा साका हे नवं संयुग वगैरे काही नसून सोन्याचे अतिसूक्ष्म कण आणि कथलाचं आम्ल यांचं नुसतं मिश्रण आहे. रसायनशास्त्रज्ञ यावर कित्येक दशकं भांडत होते. झिगमोंडी त्या वेळी येनामध्ये शॉटच्या काचकारखान्याशी जोडलेला होता. शेजारीच झाइस कंपनी, सूक्ष्मदर्शक करणारी. तिथल्या झीडेनटॉप्फबरोबर त्यानं १९०२-०३ च्या सुमारास एक यंत्र केलं : झोत बाजूनं सोडायचा आणि सूक्ष्मदर्शकातून वरून, काळोखात बघायचं. म्हणजे पुन्हा कवडसाच! कणाचा आकार दिसत नाही, पण कण जिथे आहे तिथे उजेडाचा ठिपका दिसतो. सगळ्यात बारीक कण बघण्यासाठी त्यांना दिवा पुरत नसे, कडक ऊन लागे. लाल काचेत आणि लाल पाण्यात ठिपके दिसले. पाण्यातले तर अखंड नाचत होते. ठिपके मोजले, एकूण सोनं किती ते माहीत होतंच, भागाकार केला आणि कणाचा आकार मिळाला. फॅरडेचं म्हणणं अशा रीतीनं मोजून सिद्ध झालं. १९२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल झिगमोंडीला मिळालं.

राहिला प्रश्न 'का'. सोनं बारीक झालं की लालच का? याचं उत्तर दिलं जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठातल्या एका प्राध्यापकानं, १९०८ साली. त्यांचं नाव गुस्ताव मी. हो, आडनावच 'मी'. त्यामुळे मराठीत 'मीचा सिद्धांत' म्हटलं की आत्मचरित्रासारखं वाटतं :-) मॅक्सवेलची समीकरणं घेऊन, एका धातूच्या गोळ्यावर प्रकाशाची लहर आपटली तर काय काय होईल याचं पूर्ण गणित मींनी हातानं सोडवलं. निमित्त होतं सोन्याच्या लाल पाण्याचं. एका विद्यार्थ्याच्या मोजमापांचा अर्थ लावायचा होता. निबंध कित्येक दशकं जवळजवळ कुणी वाचला नाही. स्वतः मीसुद्धा पुढे दुसऱ्याच विषयात गेले. आज धुक्यापासून दुधापर्यंत आणि रंगांच्या डब्यापासून आकाशातल्या धुळीपर्यंत सगळीकडे तो निबंध लागतो.

गणित मला झेपणारं नाही, पण चित्र साधं आहे. धातूतले इलेक्ट्रॉन मोकळे असतात. प्रकाशाची लहर आली की सोन्याच्या गोळ्यातले इलेक्ट्रॉन सगळे मिळून एका बाजूला सरकतात. तिकडे गर्दी झाली की मागे ओढले जातात, मग दुसऱ्या बाजूला. झोपाळाच तो. प्रत्येक झोपाळ्याची आपली एक लय असते, आणि त्या लयीत झोके दिले तरच तो चढतो. लहानशा सोन्याच्या गोळ्यातल्या या झोपाळ्याची लय हिरव्या प्रकाशाशी जुळते, पाचशेवीस नॅनोमीटरच्या आसपास. म्हणून तो हिरवा गिळतो. निळा सोनं एरवीही खातंच, आपलं तोळाभर सोनं पिवळं दिसतं तेही त्याच्यामुळेच. उरतो तो लाल. चांदीच्या झोपाळ्याची लय जांभळ्या-निळ्याशी जुळते, म्हणून चांदीचं पाणी पिवळं. आणि मीठ? हे गोळे एकमेकांना विजेच्या जोरावर दूर ठेवत असतात. मिठानं तो जोर मारला जातो, गोळे एकमेकांना चिकटतात आणि झोपाळे एकमेकांत गुंतून त्यांची लय मंदावते. मग ते लाल प्रकाश गिळायला लागतात, आणि पाणी निळं दिसतं.

हे सगळं ऐकून माझ्या एका मामेभावानं विचारलं, "ते ठीक आहे गं, पण उपयोग काय?" त्याच्या घरी करोनाच्या काळात ज्या तपासणीच्या पट्ट्या आणल्या होत्या, त्या प्रकारच्या अनेक पट्ट्यांवर जी लाल रेघ उमटते ती सोन्याची असते. गरोदरपणाच्या चाचणीच्या बऱ्याच पट्ट्यांवरही तेच. ज्याचा शोध घ्यायचा त्याला धरणारी प्रथिनं सोन्याच्या कणांवर बसवलेली असतात. ती रेघेपाशी अडकली की कण दाटीनं गोळा होतात आणि नुसत्या डोळ्यांना लाल रंग दिसतो. कुंकेलचाच लाल. किती घरांत किती जणांनी श्वास रोखून ती दुसरी रेघ उमटतेय का हे पाहिलं असेल!

आपल्याकडच्या सुवर्णभस्माबद्दलही विचारणा होणार, म्हणून आधीच सांगते. भस्माच्या काही नमुन्यांत पन्नास-साठ नॅनोमीटरचे सोन्याचे कण आढळल्याचं प्रसिद्ध झालेलं आहे. पुटं देऊन देऊन, घोटून घोटून सोनं इतकं बारीक करणारे हात निष्णातच म्हणायचे. पण म्हणून त्यांना इलेक्ट्रॉनचा झोपाळा माहीत होता असं म्हणणं म्हणजे लायकर्गसच्या पेल्याचीच गोष्ट झाली. रोमन माणसाला लावला तो नियम आपल्याला का नको? आणि भस्म औषध म्हणून किती गुणकारी, हा तर पूर्ण वेगळा प्रश्न आहे. तो रंगावरून सुटत नाही.

उलट मला अभिमान वाटतो तो २००४ सालच्या एका कामाचा. पुण्यात पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तिथे मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोन्याच्या क्षाराचं द्रावण घेतलं आणि त्यात फॉस्फरस नाही, दुसरं कुठलं जहाल रसायन नाही, तर गवती चहा उकळून त्याचा अर्क घातला. आपण आल्याबरोबर चहात टाकतो तोच गवती चहा! त्यातून सोन्याचे नुसते गोळे नाही, तर चपटे, रेखीव त्रिकोण तयार झाले. आकार बदलला की झोपाळ्याची लयही बदलते. या त्रिकोणांची लय इतकी मंद की ते लालच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश शोषून घेतात. 'नेचर मटेरियल्स' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. गवताची पानं धुवून, बारीक कापून, पाण्यात काही मिनिटं उकळून गाळून घ्यायची, इथपासून सगळी कृती त्यात दिलेली आहे.